व्हॅनिलाचा वेल: कुंडी, फूल, शेंग आणि मग बाटली

गच्चीमाळीण

ऑर्किडच्या धाग्यावर 'घरी व्हॅनिला येतो का हो?' हा प्रश्न पुन्हा आला आणि तिथे अवांतर फार वाढलं, म्हणून हा वेगळा धागा.

थोडक्यात उत्तर: वेल येतो. फूल यायला मात्र त्याची जरा जिरवावी लागते. शेंग आपल्या हातानं धरवावी लागते. आणि वास? तो वेलावर नसतोच. हिरवी शेंग मोडून नाकाशी धरा, नुसता पाल्याचा हिरवट वास येईल. लोक वेल वाढवण्यात वर्षं घालवतात आणि शेंग हाती आली की आठवड्यात उरकायला बघतात. खरं काम तिथूनच सुरू होतं.

आधी लागवड. व्हॅनिला हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांतलं ऑर्किड. आपण वापरतो ती जात व्हॅनिला प्लॅनिफोलिया. मुळं जमिनीत असतात, शिवाय पेरापेरातून हवेत मुळं सोडून तो झाडाला धरून वर चढतो. त्यामुळे बागेची चिकण माती कुंडीत दाबून भरली की वेल गेलाच म्हणून समजा. झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, अर्धवट कुजलेला पालापाचोळा असं भुसभुशीत काहीतरी हवं, पाणी घातलं की खालून निघून जाणारं. शेजारी खडबडीत खांब किंवा शेंड्या गुंडाळलेली काठी. २० ते ३० अंश तापमान, दमट हवा आणि निम्मी सावली असली की वेल खूश. दुपारचं थेट ऊन लागलं तर पानं पिवळी पडतात, अगदी अंधारात ठेवलात तर वेल लांबच लांब होतो पण फुलत नाही. पारा १० अंशांच्या खाली जाणार असेल तर घरात घ्या.

कलम शक्यतो मीटरभर लांबीचं, आठ-दहा पेरांचं घ्या. खालची दोन-तीन पानं काढून आठवडाभर सावलीत टांगून ठेवा, म्हणजे कापलेली जागा सुकते. दोन पेरांची काडीही जगते, पण ती फुलायला आणखी एक-दोन वर्षं खाते. चांगलं लांब कलमसुद्धा तीनेक वर्षं घेतंच.

फुलाची, शेंगेची गाडी पुढे येईल तशी लिहीन. प्रश्न विचारा.

वाचूनमुका

वाचनखूण साठवली. माझ्याकडे पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचा व्हॅनिला आहे. दिसतो झकास. पण वाढ अगदी गोगलगायीची. हा फुलेल का?

गच्चीमाळीण

@वाचूनमुका, पट्ट्यांच्या पानात हरितद्रव्य कमी, म्हणून वाढ हळू. फुलतो, पण त्याची वाट बघत बसू नका. शेंगा हव्या असतील तर साधा हिरव्या पानांचा वेल आणा आणि हा शोभेला राहू द्या.

पानोपानी

बेसिक प्रश्न, हसू नका. माझ्याकडे वाळलेली शेंग आहे, आत हजारो काळे दाणे आहेत. ते पेरले तर?

गच्चीमाळीण

हसत नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. नाही येणार. शेंग तयार करताना गरम पाणी, ऊब, ऊन असं सगळं सोसलेली असते, त्यात बी मेलेलं असतं. आणि ताजं बी मिळालं तरी ऑर्किडच्या बियांत साठवलेलं अन्न जवळपास नसतं. निसर्गात ठरावीक बुरशीच्या आधारानं ते रुजतं, प्रयोगशाळेत पोषकद्रव्यांच्या जेलीवर. घरी कलमच.

कुंपणावरचा

एक शंका. हातानं परागीभवन करायची एवढी हौस का? मूळ जंगलात मधमाश्या करतातच ना? मेलिपोना नावाची डंख नसलेली माशी हे काम करते असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

इतिहासाचा_किडा

सगळीकडे लिहिलेलं असतं हे खरं, पण पुरावा मागितला की मंडळी गडबडतात. मेलिपोना फुलापेक्षा चणीनं लहान. ऑर्किडच्या वासाला भुलणाऱ्या चकचकीत हिरव्या युग्लॉसा माश्यांकडे अभ्यासकांचा जास्त कल आहे. आणि माशी कुठलीही असो, मेक्सिकोच्या जंगलातही शंभरातलं एखादंच फूल शेंग धरतं. तेव्हा कुंपणावर बसून माशीची वाट बघण्यात अर्थ नाही. :)

हातानं करण्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. स्पॅनिशांनी वेल युरोपात नेला, काचघरांत तो फुललाही, पण शेंग धरेना. त्यामुळे तीनशेहून अधिक वर्षं व्हॅनिला म्हणजे मेक्सिको असंच समीकरण होतं. तिथल्या पापांत्ला भागातले तोतोनाक लोक त्यातले वाकबगार. १८३६ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला शार्ल मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं हातानं परागीभवन करून शेंगा आणून दाखवल्या. पण त्याची पद्धत मळ्यात रोजच्या रोज वापरण्यासारखी नव्हती.

ती सापडली १८४१ मध्ये, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, तेव्हाच्या बूर्बाँवर. शोधणारा एडमंड हा बारा वर्षांचा गुलाम मुलगा. मालक फेरेओल बेलिए-बोमाँ याच्याकडचा वेल वर्षानुवर्षं वांझ होता, त्यावर एक दिवस शेंगा लटकलेल्या दिसल्या. विचारल्यावर पोरानं काडी आणि अंगठ्यानं करून दाखवलं. मग त्याला मळ्यामळ्यांतून शिकवायला फिरवलं आणि बेट व्हॅनिलावर श्रीमंत झालं. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं, पैसे मिळाले नाहीत. पुढे रिशार नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 'हे मीच त्याला शिकवलं होतं' असा दावा ठोकला. तेव्हा एडमंडच्या बाजूनं पत्रं लिहिली ती त्याच्या जुन्या मालकानंच. १८८० मध्ये एडमंड अल्बियस गरिबीत वारला. आजही मादागास्करच्या मळ्यांत हीच पद्धत आहे.

कुंपणावरचा

मानलं. कुंपणावरून उतरलो.

नवी_पालवी

नमस्कार, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, या धाग्यासाठी आयडी घेतला. माझ्या वेलाला पानाच्या बगलेत बोटभर हिरवा कोंब आलाय, त्यावर कळ्यांची दाटी आहे. हे फूलच ना? आणि उमलल्यावर नेमकं काय करायचं? चित्रफिती पाहिल्या, पण सगळे इतक्या भरभर करतात की काही कळत नाही. आगाऊ धन्यवाद.

गच्चीमाळीण

अभिनंदन, @नवी_पालवी! हा घोसच. एका घोसात साधारण पंधरा-वीस कळ्या असतात, रोज एखादं-दुसरं फूल उमलतं. फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. दुसरी संधी नाही. म्हणून कळ्या फुगल्या की रोज सकाळी चहाच्या आधी वेलाकडे एक चक्कर.

आता सावकाश वाचा. हिरवट-पिवळं फूल, पाच पाकळ्या बाजूला पसरलेल्या आणि मधली सहावी नळीसारखी गुंडाळलेली. त्या नळीच्या आत एक दांडा असतो, त्याला ऑर्किडवाले स्तंभ म्हणतात. परागकण आणि कुक्षी, नर आणि मादी दोन्ही भाग, त्या एकाच दांड्यावर, एकमेकांपासून अगदी केसभर अंतरावर. मधे एक इवलासा पातळ पडदा. सगळं अडलंय ते त्या पडद्यापाशी.

डाव्या हातात फूल मागून धरा, तर्जनीचा आधार स्तंभाच्या पाठीला. उजव्या हातात टोक बोथट केलेला टूथपिक. नळीची पाकळी टूथपिकनं एका बाजूनं चिरून खाली ओढा, म्हणजे स्तंभ उघडा पडेल. वरच्या टोपीखाली पिवळसर परागांचा चिकट गोळा आणि त्याच्या खाली तो पडदा दिसेल. टूथपिकचं टोक पडद्याच्या खाली घाला आणि तो वर, मागे लोटा. पडदा उचलून धरलेला असतानाच डाव्या अंगठ्यानं परागांची टोपी खाली दाबा. कुक्षी चिकट असते, पराग तिथेच राहतात. टूथपिक अलगद काढा. झालं. एकदा हात बसला की मळ्यातल्या बायका दिवसात हजारभर फुलं उरकतात, तुम्हाला पहिलं फूल दोन-तीन मिनिटं घेईल.

जमलं की नाही? दोन दिवस थांबा. न जमलेलं फूल देठापासून गळतं. जमलेलं कोमेजतं, पण टोकाला चिकटून राहतं, आणि मागचा जो हिरवा देठ वाटत होता तोच शेंग म्हणून लांबायला लागतो.

सगळी फुलं धरवू नका!! एका घोसावर आठ-दहा पुरे, पहिल्या वर्षी त्याहूनही कमी. सगळी धरवली की शेंगा बारीक राहतात आणि वेल इतका थकतो की पुढच्या वर्षी फुलत नाही. घोसाच्या खालच्या बाजूची फुलं निवडा, त्यांच्या शेंगा सरळ खाली लोंबतात, वरच्यांच्या वाकड्या होतात.

पानोपानी

आणि ते 'जिरवावी लागते' काय प्रकरण आहे? माझा वेल छताला टेकलाय, पण कळी नाही.

गच्चीमाळीण

तो छताला टेकलाय म्हणूनच कळी नाही. चढणारा वेल चढतच राहतो. मळ्यात तो हाताच्या उंचीवर आडव्या फांदीवरून परत खाली सोडतात, लोंबू देतात, जमिनीपर्यंत आला की पुन्हा वर घेतात. फुलं येतात ती या लोंबत्या भागावर. फुलायच्या हंगामाआधी काही महिने लोंबत्या टोकाचा शेंडा खुडायचा आणि सहा-आठ आठवडे पाणी कमी करायचं. बंद नाही, कमी. पानं थोडी मऊ पडतात, घाबरू नका. ही ओढ बसली की बगलेतून घोस निघतात. तुमचा वेल न मोडता हळूहळू खाली उतरवा, दोन-तीन दिवसांत थोडं थोडं वाकवत.

कुंपणावरचा

खालून मुळं तपकिरी, मऊ पडत चाललीत, वरून वेल सुरकुततोय. पाणी वाढवू?

गच्चीमाळीण

अजिबात नाही! ही मुळकूज, फ्युजेरियम बुरशीची. व्हॅनिलाच्या मळेवाल्यांची झोप उडवणारा रोग हाच. मुळं मेल्यामुळे वेल तहानलेला दिसतो आणि आपण आणखी पाणी ओततो. वरचा निरोगी भाग, जिथे हवेतली मुळं पांढरी-हिरवी आहेत तिथून कापून नवीन कुंडीत, नवीन भरणीत लावा. जुनी भरण दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कात्री स्पिरिटनं पुसा.

नवी_पालवी

धागा वर काढतेय. तेव्हा धरलेल्या शेंगा अजून वेलावर आहेत, काहींच्या टोकाला पिवळी झाक दिसतेय. तोडू का? आणि पुढे? इथे सलग कडक ऊन मिळत नाही.

गच्चीमाळीण

वाटच बघत होते. पिवळं टोक दिसतंय त्या तोडा, बाकीच्या राहू द्या. शेंग दीड-दोन महिन्यांत पूर्ण लांबीची होते आणि माणसाला वाटतं झाली तयार, पण पिकायला आठ-नऊ महिने लागतात. कोवळी तोडली तर वास कायमचा कमी. फार थांबलात तर टोकाकडून फाटते. फाटली तरी खायला चालते, दिसायला बिघडते. मादागास्करमध्ये चोर इतके आहेत की शेतकरी हिरव्या शेंगांवर टाचण्यांनी टोचून आपली खूण उमटवतात. वाळल्यावरही ती खूण दिसते.

आता क्युरिंग, म्हणजे शेंग मुरवून तिच्यात वास आणणं. पाणी ६३ ते ६५ अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर लावाच, अंदाजानं नको. शेंगा त्यात तीनेक मिनिटं बुडवा. शेंगेतली जिवंत वाढ इथे थांबते. लगेच पुसून, गरम असतानाच लोकरी कापडात घट्ट गुंडाळा आणि जाड बंद डब्यात रात्रभर ठेवा. शेंगा मोजक्याच असतील तर रुंद तोंडाचा थर्मास उत्तम. दुसऱ्या दिवशी उघडलंत की हिरवी शेंग चॉकलेटी झालेली, अंगाला घाम सुटलेला. वास अजून व्हॅनिलाचा नसेल. थोडा आंबूस, भिजल्या मनुकांकडे झुकणारा. बरोबर आहे, तसाच हवा.

पुढचे आठ-दहा दिवस रोज तास-दोन तास गडद कापडावर उन्हात, आणि हाताला चटका बसेल इतक्या गरम असतानाच परत गुंडाळून डब्यात. ऊन नसेल तर ४५-५० अंशांवर चालणारं फळं वाळवायचं यंत्र लावा, पण गुंडाळून डब्यात ठेवणं सोडू नका. नुसतं वाळवलं तर शेंग वाळते, वास येत नाही.

त्यानंतर सावलीत, वारं खेळेल अशा जाळीवर महिनाभर किंवा जास्त. या काळात रोज एकेक शेंग दोन बोटांत धरून देठापासून टोकापर्यंत हलकेच चोळत न्या. ती सरळ राहते आणि आतलं तेल सगळीकडे पसरतं. बोटाभोवती गुंडाळता आली आणि सोडल्यावर मोडली नाही की झाली. कडकड मोडली तर जास्त वाळली. मग मेणकागदात बांधून बंद डब्यात दोन-तीन महिने. दर आठवड्याला उघडून बघा. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून किलोभर माल निघतो, त्यामुळे तुमचा ढीग बघता बघता मूठभर होईल.

रसायनी

का, ते सांगतो. हिरव्या शेंगेत वास देणारं वॅनिलिन साखरेच्या रेणूला जखडलेलं असतं, ग्लुकोवॅनिलिनच्या रूपात. त्याला वास नाही. ती गाठ सोडणारं विकर (एन्झाइम), बीटा-ग्लुकोसिडेज, शेंगेतच असतं, पण वेगळ्या कप्प्यात. गरम पाण्यानं पेशींच्या भिंती ढिल्या होतात आणि दोघांची गाठ पडते. पाणी उकळतं असलं तर विकरच मरतं, म्हणून ६५. डब्यातली ऊब त्या विकराला काम करायला मिळावी म्हणून.

चांगल्या तयार शेंगेत वॅनिलिन वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास. ते १८५८ मध्ये निकोला-थिओडोर गोब्ले यानं शुद्ध रूपात वेगळं केलं, आणि १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन जोडीनं सूचिपर्णी झाडांतल्या कोनिफेरिनपासून बनवलं. आज बाजारात विकलं जाणारं बहुतेक वॅनिलिन कारखान्यातलं, मुख्यतः ग्वायाकॉल या रसायनापासून केलेलं.

वाचूनमुका

ते बीव्हर नावाच्या प्राण्याच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून इसेन्स काढतात म्हणे? ईईई.

रसायनी

ही वावडी दर वर्षी उगवते. तो पदार्थ, कॅस्टोरियम, आहे खरा, पण तो मिळवायला इतका किचकट आणि महाग की इसेन्सच्या बाटलीत कोण घालणार? इसेन्समध्ये बहुधा नुसतं वॅनिलिन असतं. खऱ्या शेंगेत त्याबरोबर दोनशेहून अधिक इतर घटक असतात. म्हणूनच बिस्किटासारख्या तापलेल्या गोष्टीत दोन्हींत फारसा फरक कळत नाही, पण थंड क्रीममध्ये लगेच कळतो.

चवीनं_घेणार

+१. माझंही तेच मत, भट्टीत जाणाऱ्या पदार्थात खरी शेंग घालणं म्हणजे उधळपट्टी. कस्टर्ड, आइसक्रीम, गरम दूध, चॉकलेट, भाजलेला अननस, इथे तिची खरी जागा.

शेंग उभी चिरून सुरीच्या पाठीनं आतला काळा गर खरवडा. गर आणि साल दोन्ही दुधात घालून दूध गरम करा, झाकून अर्धा तास तसंच ठेवा आणि साल काढा. काळे ठिपके म्हणजेच चव हा गैरसमज आहे. बी स्वतः फारसं काही देत नाही, चव असते भोवतीच्या तेलकट गरात आणि आतल्या अस्तरात. कारखान्यात अर्क काढून झालेल्या शेंगांची पूडही नुसत्या ठिपक्यांसाठी घालतात! काढलेली साल धुऊन, वाळवून साखरेच्या बरणीत खुपसा. अर्धा किलो साखरेला एक-दोन साली, काही आठवड्यांत साखर वास धरते.

अर्क करायचा असेल तर अमेरिकी नियमाचं प्रमाण सोयीचं: लिटरला १०० ग्रॅम शेंगा आणि मद्यार्क किमान ३५ टक्के. घरी १०० मिलीलिटर वोडकाला १० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन-चार शेंगा. चिरून पूर्ण बुडवा. वर राहिलेलं टोक बुरसतं. अंधारात ठेवून अधूनमधून हलवा. दोन महिन्यांत वापरता येतो, सहा महिन्यांत खरा रंगात येतो. पदार्थ आचेवरून उतरल्यावर घाला. मद्य नको असणाऱ्यांनी ग्लिसरीन वापरावं, पण ते थोडं फिकं उतरतं.

ताहितीची शेंग मिळाली तर जरूर बघा. जात वेगळी, व्हॅनिला ताहितेन्सिस. वॅनिलिन कमी, पण फुलांचा आणि बडीशेपेचा सुवास. फळांबरोबर मला तीच जास्त आवडते.

नवी_पालवी

सगळ्यांचे आभार. डब्यातल्या दोन शेंगांवर पांढरं काहीतरी आलंय! फेकू?

रसायनी

थांबा. उजेडात तिरकं धरा. सुईसारखे चमकणारे बारीक स्फटिक असतील तर ते वॅनिलिनच, वर येऊन गोठलेलं. बोटानं चोळलं की विरघळतं आणि वास भपकन येतो. कापसासारखं, निस्तेज, एका ठिकाणी ठिपका करून वाढणारं असेल तर बुरशी. ती शेंग फेका आणि बाकीच्या दोन-चार दिवस परत जाळीवर घाला. डबा फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढा, तिथे शेंगा एकतर वाळतात नाहीतर बुरसतात.

नवी_पालवी

सुया आहेत. चमकतात! आणखी एक: वेल छाटल्यापासून मनगटावर पुरळ उठलंय, खाज सुटलीय. व्हॅनिलामुळे असेल का?

गच्चीमाळीण

असू शकतं. वेलाच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या टोचून कातडीची आग होते. साबणानं धुवा, चोळू नका, आणि डोळ्यांना हात लावू नका. वाढलं तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या छाटणीला हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. छाटलेले तुकडे मात्र फेकू नका. @कुंपणावरचा यांची मुळं गेलीत, त्यांना एक मीटरभराचं कलम लागेल.